मंडळींना बसवणे

पाण्यावर चालणारी वस्तू जमिनीवर ओढून ठेवून तिच्या सेवेत सगळं आयुष्य घालवणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. कुंडलच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर त्यांचं गाव. मळीची काळी जमीन, ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, दावणीला जनावरं. चारचौघांसारखं सुखानं जगायला जे लागतं ते सगळं त्यांच्याकडं होतं. शिवाय एक मोटारबोट होती, आणि तिच्यापायी त्या सुखाला जरा गळती लागली होती.

ही बोट मुळात कुठल्याशा लहान संस्थानच्या राजेसाहेबांनी हौसेनं मागवलेली. संध्याकाळी नदीवर फेरफटका मारावा, थंडीत चार बदकं टिपावीत, एवढंच तिचं काम. पुढं राजेसाहेबांना मोटारगाडीचा नाद लागला आणि बोट रिकाम्या हत्तीखान्यात जाऊन पडली. आतोबा पहिल्या जागतिक लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला होते. तिथं सरकारनं त्यांना नदीवरच्या लाँचवर इंजिनाला तेल घालायला लावलं होतं. तिकडून येताना त्यांनी एक होकायंत्र आणलं, लष्करी बुटांचा एक जोड आणला, आणि ज्याच्याकडं इंजिन नाही तो माणूस अर्धाच, अशी एक पक्की समजूत आणली. तेव्हा हत्तीखान्यात धूळ खात पडलेली ती बोट त्यांच्या कानावर गेल्यावर पुढं काय होणार ते ठरल्यासारखंच होतं.

घरात त्या वेळी एक खिलारी जोडी होती. आटपाडीच्या बाजारात एका धनगराकडून खोंडं असताना घेतलेली, आत्यानं स्वतःच्या हातानं भाकरी चारून वाढवलेली. एका सकाळी आतोबा गाडीच्या चाकाला धाव बसवून आणतो म्हणून ती जोडी जुंपून निघाले, ते पाचव्या दिवशी उगवले. पुढं दुसऱ्याच कुणाची तरी बैलं, मागं दोन गाड्या एकमेकींना बांधलेल्या, आणि त्यांच्यावर ती बोट आडवी. आत्या उंबऱ्यात आली. तिनं आधी गाड्यांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “बैलं कुठायत?” आतोबांनी बोटीकडं बोट केलं. त्या दिवसापासून आत्यानं त्या बोटीला दुसरं नाव दिलं नाही. सकाळी ती परड्यात शेण काढता काढता विचारायची, “उठली का तुमची बैलं?” आणि इंजिन धूर ओकायला लागलं की म्हणायची, “आज वैरण पचली न्हाई वाटतं.”

पण त्याच संध्याकाळी आतोबांनी तिला एक शब्द देऊन ठेवला होता, आणि पुढचं सगळं रामायण त्या शब्दापायी घडलं. माझ्या आत्याचं माहेर, म्हणजे आमचं गाव, पाण्यानं गेलं तर वर चार कोसांवर. रस्त्यानं जायचं तर नदीची वळणं टाळत, मधे नावेतून गाडी पलीकडं घालत सात कोस पडायचे. दिवस उगवायला निघालेली गाडी दिवस कलताना आमच्या गावात शिरायची, आणि आत्या गाडीतून उतरली की कंबर धरून पहिल्यांदा भिंतीला टेकायची. आतोबा म्हणाले, “भाऊबिजेला तुला म्हायेरी बोटीतनं न्हेतो. गाडीत बसायचं नावच काडू नगंस.” आत्याला तेव्हा बैलांचं दुःख ताजं होतं, पण माहेरच्या घाटावर बोटीतून उतरायचं चित्र तिच्या मनात जे एकदा शिरलं ते शिरलंच. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. तिची भाऊबिजेची पेटी मात्र दर वर्षी चार दिवस आधीच भरलेली असे.

त्या काळी लेकीला माहेरी आणायला माहेरचं माणूस जात असे. त्याला मुराळी म्हणतात. आमच्या घरी हे काम माझ्याकडं होतं. मी तेव्हा विश्रामबागेत कॉलेजात शिकत होतो, नंतर सांगलीतच एका शाळेत मास्तर झालो, पण दिवाळीची सुट्टी लागली की माझी पहिली धाव आत्याच्या गावाला. त्यामुळं बोटीच्या दर वर्षीच्या फजितीचा मी सरकारी साक्षीदार म्हणावा असा साक्षीदार आहे.

नदीकाठी आतोबांनी बोटीसाठी उसाच्या पाचटाची एक लांबलचक छपरी उभारली होती. छपरीच्या एका अंगाला चुना दिलेली भिंत होती आणि तिच्यावर कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असे : ‘राहिलेली कामे’. खाली यादी. फळ्यांच्या भेगांत ताग ठोकून राळ भरणे. पंख्याचा दांडा सरळ करणे. मॅग्नेटो खोलणे. मॅग्नेटो बसवणे. मॅग्नेटो पुन्हा खोलणे. आणि यादीच्या अगदी तळाला, जरा वळणदार अक्षरात : ‘मंडळींना बसवणे’. वरची कामं संपली की मंडळींना, म्हणजे आत्याला, बोटीत बसवायचं, असा सरळ हिशेब होता. घोटाळा एवढाच होता की एक काम पुसलं की त्याच्या जागी तीन नवी उगवत. जागा पुरेना म्हणून आतोबा अक्षर बारीक करत गेले, आणि मंडळी हळूहळू खाली सरकत सरकत जमिनीला टेकल्या.

आता त्यांच्याही बाजूनं बोललं पाहिजे. बोट जुनी होती. राजेसाहेबांनी ती बदकांपुरती वापरलेली आणि हत्तीखान्यात वाळवीनं ती नीट चाळलेली. आषाढापासून भाद्रपदापर्यंत नदी पुरात, आणि संक्रांत झाली की खडक डोकी वर काढायला लागत. म्हणजे बोट चालवायला वर्षाचे जेमतेम तीन-चार महिने. उरलेले महिने दुरुस्ती आणि सुधारणा. सुधारणा हा आतोबांचा खरा प्राण होता. बोटीला मूळचं सुकाणू धड होतं, तरी त्यांनी एका मोडीत निघालेल्या सर्व्हिस मोटारीचं चाक आणून बसवलं. नांगर म्हणून आत्याच्या जात्याची वरची तळी गेली. बसऱ्याचं होकायंत्र पितळी खिळ्यांनी समोर ठोकलं. मी एकदा म्हणालो, “आवं आतोबा, नदीला दिशा दोनच. वर आन् खाली. ह्यात होकायंत्र काय सांगणार?” त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “मास्तर, वर म्हंजे नक्की कुठं, ते नगं व्हय कळायला?”

पंख्याचा दांडा जिथं बोटीच्या बुडातून बाहेर जातो तिथं पाणी आत येऊ नये म्हणून सुताच्या दोरीचं बूच ठासतात, आणि ती दोरी चरबीत भिजवतात. आत्याच्या घरात चरबी येणं शक्य नव्हतं. मग एका सणाला पुरणपोळ्या झाल्या आणि तुपाचं गाडगं काही सापडेना. आत्या छपरीत गेली तेव्हा आतोबा साजूक तुपात दोरी बुडवून ती बोटाबोटानं दांड्याभोवती बसवत होते, आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पोळ्या दुधाशी खाल्ल्या. बूच मात्र चांगलं टिकलं, असं आतोबा पुढं कितीतरी वर्षं सांगत.

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. लाँचवर माणसं एका बाजूला बसली की बोट कलते, म्हणून बसऱ्याला त्यांना सारखं ओरडावं लागे. ते ओरडणं त्यांच्या अंगवळणी पडलं. बैलगाडीत बसलेल्यांना, पारावर बसलेल्यांना, लग्नाच्या पंगतीत एका कडेला दाटी झालेल्या वऱ्हाडालासुद्धा ते हात करून सांगत, “मधी बसा, मधी बसा, कलंडतंय!” एकदा गावच्या कीर्तनात बाया एका बाजूला आणि पुरुष थोडेसेच दुसऱ्या बाजूला, असं बसलेले पाहून त्यांना अर्ध्या आख्यानातच राहवेना.

पहिल्या वर्षी भाऊबीज अगदी हातात आली होती. यादीतली सगळी कामं पुसलेली, बोट पाण्यात, इंजिन दोनदा चालवून पाहिलेलं. पण आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी शेतकरी औताला, लोहार ऐरणीला पुजतो, तर इंजिनाला पुजायला नको? आतोबांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि भक्तिभावानं त्याच्या टाळक्यावर नारळ फोडला. नारळ पाण्यानं भरलेला होता. ते पाणी सगळं इंजिनाला ठिणगी देणाऱ्या त्या मॅग्नेटोत गेलं. दिवाळीपर्यंत मॅग्नेटो कधी उन्हात, कधी चुलीच्या उबेला वाळत होता, आणि भाऊबिजेला आम्ही गाडीतून आलो. इकडं माझे वडील बहिणीनं ओवाळल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही म्हणून सकाळपासून उपाशी घाटावर उभे. त्यांनी हलगीवाला बोलावला होता, निम्मा गाव जमवला होता. तिन्हीसांजेला गावाच्या दुसऱ्या टोकाला गाडीची चाहूल लागली तेव्हा हलगीवाल्यासकट सगळे तिकडं पळाले. वडील आतोबांना म्हणाले, “दाजी, सगळीकडं बघितलं, पण तुमची बोट काय दिसंना.” आतोबा म्हणाले, “नारळ खवट हुता, पाव्हणं.”

पुढं दुसरी लढाई पेटली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. दुसऱ्या कुणी बोट गुंडाळून ठेवली असती. आतोबांनी सांगलीला कोळशाच्या वायूवर चालणारी मोटार पाहिली, तिच्या मागं लावलेली ती भट्टी पाहिली आणि परत येऊन लोहाराला कामाला लावलं. गुऱ्हाळातल्या काहिलीचा पत्रा, तेलाचं पिंप आणि मोडीत मिळालेले नळ जोडून त्यांनी तसलीच भट्टी तयार केली आणि बोटीच्या मागच्या अंगाला बसवली. इंजिन तिच्यावर चाललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण भट्टी इतकी जड की बोटीचं बूड पाण्यात आणि नाक आभाळात. आतोबा उभं राहून सुकाणू धरत तेव्हा त्यांना पुढं काही दिसायचं नाही, नुसते ढग दिसायचे.

यावर तोड एकच होती, पुढं तेवढंच वजन ठेवायचं. दुसऱ्या माणसानं दगड ठेवले असते. पण दगड घासून फळ्या खराब होतील, ही आतोबांची काळजी. शिवाय त्यांच्या गावात वजनाला पक्की, आकारानं सारखी आणि हाताला सापडणारी वस्तू म्हटली की गुळाची ढेप. गुऱ्हाळ घरचंच. त्यांनी मागल्या हंगामातल्या ढेपा गोणपाटात गुंडाळून नाकाशी ओळीनं मांडल्या. बोट पाण्यावर अशी सरळ बसली की आत्यासुद्धा काठावर येऊन म्हणाली, “आता कशी शानी दिसती!” दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आम्ही सकाळी पेटी, फराळाचा डबा, ओवाळायचं ताट घेऊन काठावर आलो आणि पाहतो तो बोटीचं नाक पुन्हा आभाळात. फळ्यांतून रात्रभर जे पाणी झिरपलं त्यात गूळ विरघळून गेला होता. बोटीच्या पोटात घोटाभर काकवी, तिच्यावर मुंग्या, तिच्यावर गांधीलमाश्या, आणि पाणी उपसायच्या हातपंपाला असा पाक बसलेला की दट्ट्या वर होईना की खाली. आतोबा त्या काकवीत अनवाणी उभे होते. आत्यानं पदर तोंडाला लावला, ती रडते आहे असं मला वाटलं, मग तिचे खांदे हलताना दिसले आणि ती मोठ्यानं हसायला लागली. “आवं, बैलांना गूळ चारलासा व्हय?” एवढंच ती कशीबशी म्हणाली. मी गाडी जुंपायला सांगितली.

बेचाळीसनंतर आमच्या भागात चळवळीचा जोर होता. नदीवर इंजिनाची बोट आहे म्हटल्यावर सरकारला संशय येणारच. एक फौजदार चार शिपाई घेऊन बोट जप्त करायला आले. जप्त करण्याआधी ती चालते का पाहू म्हणाले. आतोबांनी सकाळी हँडल मारायला सुरुवात केली. शिपायांनी हँडल मारलं. शेवटी फौजदारांनी कोट काढून स्वतः मारलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्यांनी कागदावर लिहिलं, की सदर वस्तू हलण्यास असमर्थ असून तिजपासून सरकारास धोका नाही. बोट वाचली. आतोबांना मात्र हा अपमान इतका लागला की ते फौजदारांच्या घोड्यामागं वेशीपर्यंत गेले. “सायेब, उद्याच्याला या. उद्या सकाळी पयल्या झटक्याला धरंल.” पुढं महिन्याभरानं भूमिगतांतले दोघं तरुण आले, त्यांना पलीकडं जायचं होतं. त्यांनी बोट पाहिली, भट्टी पाहिली, आतोबांचं बोलणं नम्रपणे ऐकून घेतलं आणि पोहून गेले.

माझं इंग्रजी त्या बोटीवर पिकलं, हेही कबूल केलं पाहिजे. मुंबईच्या कंपन्यांना सुट्या भागांसाठी पत्रं लिहायची ती मी. आतोबा मजकूर सांगत, मी लिहीत असे. एका कंपनीनं इंजिनाचा नंबर आणि जात विचारली. नंबर कधीच घासून गेला होता. आतोबांनी जरा विचार केला आणि सांगितलं, “ल्ही, सोबावानं तापट हाय, पर सकाळच्या पारी थंड. डाव्या अंगाला खोकतंय. मन आलं तर लय गुणाचं हाय.” मी ते सगळं इंग्रजीत घातलं. कंपनीनं उत्तर पाठवलं नाही. त्यांना दुसरं एखादं इंजिन आठवलं असेल आणि वाईट वाटलं असेल, असं आतोबांचं म्हणणं पडलं.

लढाई संपली आणि लष्कराचं जुनं सामान मोडीत निघालं. आतोबांना पर्वणी आली. भट्टी उतरली, चांगला पंप आला, बॅटरी आली, दिवा आला. भेगा बुजल्या, दांडा सरळ झाला. भिंतीवरची यादी एवढी आखडली की मधे चुना दिसायला लागला. बोट काठाकाठानं चालायला लागली, एकदा तर ते तिच्यातून खालच्या गावाला जाऊन परत आले. तरीही त्या साली भाऊबिजेला आत्या गाडीतूनच आली. आतोबांनी ऐन वेळी एक नवं काम काढलं, की प्रत्येक माणसामागं दोन वाळके भोपळे पाहिजेत. आमच्याकडं पोहायला शिकताना पाठीला बांधतात ते. बसऱ्याच्या लाँचवर प्रत्येकाला बुडू नये म्हणून पट्टा असायचा, त्याच्या ऐवजी हे. आणि भोपळे अजून वाळले नव्हते.

त्या वर्षी मला राग आला. आत्या तोवर थकत चालली होती, गाडीच्या प्रवासानंतर दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळायची. आमच्या परसात आतोबा एकटे बसलेले पाहून मी त्यांना विचारलंच, “खरं सांगा, तुमाला तिला न्ह्यायचंय का न्हाई?”

ते बुटाच्या नाडीशी खेळत म्हणाले, “बसऱ्याला आमच्या म्होरं एक लाँच हुती. इंजिन झ्याक. एक बूच ढिलं ऱ्हायलं हुतं, करंगळीएवडं. बारा जणं हुती गड्या तिच्यात. मी बूच बगितलं हुतं. म्हनलं, उद्या करू.” नाडीची गाठ आवळून ते म्हणाले, “सरकारची मानसं हुती ती. तरी अजून दिसत्यात. ही तर घरातली हाय.”

इतकी वर्षं आम्ही त्यांना हसत होतो आणि ते आम्हांला हसू देत होते, याची मला त्या क्षणी फार लाज वाटली. सांगलीला जायच्या आधी मी ते आत्याला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “मला ठावं हाय. झोपंत बोलत्यात.”

स्वराज्य आलं त्या सालच्या भाऊबिजेला मी नेहमीसारखा मुराळी म्हणून गेलो. पहाटे गाडी जुंपून दारात उभी होती. आतोबा बोटीत बुचाशी काहीतरी करत होते. आत्या न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली, गाडीपाशी थांबलीच नाही. डोक्यावर फराळाची पाटी, हातात ओवाळायचं ताट, अशी ती थेट नदीकडं निघाली. काठावर येऊन तिनं पाटी बोटीत ठेवली, माझा हात धरून स्वतः आत उतरली आणि बरोबर मधे फळीवर बसली.

आतोबा हातात पाना घेऊन तिच्याकडं बघत राहिले. “खाली उतर. अजून एक डाव बूच बगायचंय.”

“बगा की. मी बसती तवर.”

त्यांनी बूच पाहिलं. मग पंप पाहिला, फळ्या हातानं चाचपल्या, पुन्हा बूच पाहिलं. आत्या हलली नाही. अखेर ते छपरीत गेले आणि दोन वाळके भोपळे घेऊन आले. त्यांनी ते तिच्या पाठीला स्वतः बांधले, गाठ तीनदा ओढून पाहिली. नऊवारी लुगडं, नाकात नथ, आणि पाठीवर दोन भोपळे अशी आत्या ताठ बसली होती, आणि तिच्याकडं बघून हसायची माझी छाती झाली नाही. दोन भोपळे मलाही बांधले गेले. तिसऱ्या हँडलला इंजिन धरलं.

चार कोस आतोबांचा एक हात चाकावर, एक डोळा पाण्यावर, दुसरा डोळा बुचावर. आत्यानं आधी दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली होती. पहिलं वळण गेल्यावर तिनं एक हात सोडला. दुसऱ्या वळणावर तो हात काठावरून खाली सोडून पाण्यात बुडवला आणि बोटांमधून जाणारं पाणी बघत राहिली. घाटाघाटावर धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. आत्या त्यांच्याकडं न बघता बसली होती, पण पदर दर वेळी सावरत होती. इंजिन एकदा डाव्या अंगाला खोकलं, तेव्हा आम्ही तिघांनीही श्वास धरला. मग ते पुन्हा चालायला लागलं. आमच्या गावची जांभळाची झाडं दिसली तेव्हा उन्हं अजून कोवळी होती.

घाटावर कुणीसुद्धा नव्हतं.

एक म्हैस पाण्यात डुंबत होती, बस्स. इतक्या वर्षांत एवढ्या वेळा घाटावर ताटकळून गाव शहाणा झाला होता. माझे वडीलही शहाणे झाले होते. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, गाडीच्या वाटेवर सावली बघून बसले होते, आणि गाडी यायला अजून अर्धा दिवस होता. आतोबांनी इंजिन बंद केलं. त्यांनी रिकाम्या घाटाकडं पाहिलं, पायऱ्यांकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा पडला.

“कुनी बगितलंच न्हाई,” ते म्हणाले.

आत्या भोपळ्यांसकट उठली, त्यांच्या खांद्याला धरून पायरीवर उतरली. “मी बगितलं की,” ती म्हणाली. मग कंबर चाचपून बघत म्हणाली, “फळी तेवडी लय टोचती.”

आम्ही घरावरून पुढं जाऊन वडिलांना मागून गाठलं. बहीण नदीच्या बाजूनं, चालत, पाठीला भोपळे बांधून येते आहे हे त्यांना समजेना. त्यांनी पहिलं विचारलं, “गाडी कुठं मोडली?” आतोबांनी सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. मी सांगितलं, तेही पटलं नाही. ते स्वतः घाटावर गेले, बोटीत उतरले आणि खात्री करायला इंजिनावर पंजा ठेवला. अजून तापलेलं होतं. चांगला चटका बसला. बोटं तोंडात घालून ते वर आले आणि आतोबांना त्यांनी सगळ्या घाटासमोर, म्हणजे त्या म्हशीसमोर, कडकडून मिठी मारली. त्या वर्षीचं ओवाळणं सकाळीच झालं, आणि वडील भाऊबिजेला पहिल्यांदाच वेळेवर जेवले.

दिवाळीनंतर मी आत्याला पोचवायला गेलो तेव्हा मुद्दाम छपरीत डोकावलो. भिंतीवरची सगळी यादी पुसलेली होती. ‘मंडळींना बसवणे’ याच्यावर कोळशाची एक सरळ रेघ होती. आणि जमिनीला टेकल्यामुळं खाली जागा नव्हती म्हणून वर, भिंतीच्या अगदी डोक्याशी, नवं काम लिहिलं होतं : ‘मंडळींसाठी गादी करणे’.

गादी झाली. सावरीचा कापूस आणि आत्याचं एक जुनं लुगडं. आतोबांनी तिला फळीच्या मापानं बंद लावून घेतले होते. पण त्या पावसाळ्यात नदी छपरीत शिरली. पाचट, भिंत आणि बोट सगळं एकदमच घेऊन गेली. गाव काठावर उभा होता. आतोबा बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले आणि म्हणाले, “गेली ती चांगल्या कंडिसनमदी गेली.” त्यानंतर त्यांनी दुसरं इंजिन घेतलं नाही. आम्हां सगळ्यांना वाटलं होतं की ते हाय खातील. तसं काही झालं नाही. संध्याकाळी ते परड्यात आत्याजवळ बसायचे, एवढाच फरक पडला. पुढं काही वर्षांनी गेलेच.

आत्या अजून आहे. परड्यातल्या कट्ट्यावर ती गादी अंथरून त्यावर बसते, गहू निवडते. गादीचे बंद दोन्हीकडं मोकळेच लोंबत असतात. परवा मी गेलो, तिच्याशेजारी गादीच्या कडेला टेकलो आणि काहीबाही बोलत होतो. तिनं सुपातली नजर वर न काढता माझ्या दंडाला धरून मला आत ओढलं.

“मधी बस रं,” ती म्हणाली. “कलंडतंय.”